आजीचं नाव मेरीॲन

दादाला मार्चमध्ये मुलगी झाली. बाप्तिस्मा आमच्या वसईच्या चर्चमध्ये आणि बारसं वहिनीच्या माहेरी साताऱ्याला, हे दोन्हीकडच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं, राहिलं होतं फक्त नाव. तेही दादाच्या मनात लग्नाआधीपासून पक्कं होतं, मुलगी झाली तर आजीचं नाव ठेवायचं. मेरीॲन. वहिनीला ते ऐकायला गोड वाटलं, पण एका रात्री तिचा फोन आला आणि तिने अगदी मनापासून विचारलं, "ताई, आई विचारतेय नावाचा अर्थ काय म्हणून. बारशाला जमलेल्या बायका पहिलं तेच विचारणार. आणि कानात नाव सांगायचंय तुम्हाला, आत्या तुम्ही. मग मी त्यांना काय सांगू?"

मी म्हटलं उद्या सांगते. फोन ठेवला आणि लक्षात आलं की आयुष्यभर ज्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून मी झोपले तिच्या नावाचा अर्थ मला माहीत नाही.

मोबाईलवर शोधलं तर एका ओळीत उत्तर मिळालं, मेरी म्हणजे कडू, ॲन म्हणजे कृपा. दुसऱ्या ठिकाणी मेरी म्हणजे समुद्राचा तारा. तिसऱ्या ठिकाणी हवंहवंसं बाळ. आता साताऱ्याच्या बायकांना मी कडू कृपा असं कसं सांगू? म्हणून मग शोधतच राहिले, आधी दोन दिवस, मग दोन आठवडे, घरातलं जुनं बायबल काढलं, आमच्या फादरांना जाऊन भेटले, जे जे वाचायला मिळालं ते वाचलं. हे सगळं त्याच शोधातून आलेलं आहे.

आधी आजीबद्दल सांगते. आजीचं नाव चर्चच्या जुन्या वहीत लॅटिनमध्ये होतं, मारिया आन्ना. घरात सगळे मेरीॲन म्हणायचे, म्हणजे म्हणायचे तिच्या माहेरचे, सासरी तिला नावाने हाक मारणारं कोण होतं! रेशनकार्डावर ती मारियाबाई, मतदार यादीत मेरी आण्णा, कारण लिहिणाऱ्याला ॲन म्हणजे आपला अण्णाच वाटला असणार, आणि पासबुकावर मेरियन. ही चार नावं एकाच बाईची आहेत हे पटवून द्यायला तिला म्हातारपणी एका कचेरीच्या सात-आठ फेऱ्या माराव्या लागल्या, प्रतिज्ञापत्र करावं लागलं, तेव्हा कुठे अडकलेले पैसे सुटले. ती लाल लुगडं नेसून, पिशवीत चारही कागद घेऊन बाकावर बसलेली मला अजून दिसते. उभी हयात बागेतली केळी आणि भाजी टोपलीत भरून लोकलने दादरला नेऊन विकली तिने, हिशेब तोंडी करायची, आणि शेवटी तू कोण हेच तिला सिद्ध करायला लावलं. मला त्या गोष्टीचा आजही राग येतो.

तर नाव. हे जोडनाव आहे, मेरी आणि ॲन. मेरीच्या मुळाशी हिब्रूतलं मिर्याम. मराठी बायबलमध्ये जुन्या करारात मिर्याम असंच येतं, नव्या करारात मरीया, म्हणून आपल्या लक्षात येत नाही की नाव एकच आहे. हिब्रूतून ग्रीकमध्ये जाताना मरियम झालं, मारिया झालं, तिथून लॅटिन, फ्रेंचमध्ये मारी, इंग्रजीत मेरी. कुराणातही मरियमच, तिच्या नावाचा एक अख्खा सुरा आहे. ही पहिली मिर्याम म्हणजे मोशेची बहीण, जी नदीकाठच्या लव्हाळ्यात टोपलीत ठेवलेल्या तान्ह्या भावावर लांबून नजर ठेवून उभी होती आणि पुढे इस्राएली लोक समुद्र ओलांडून आले तेव्हा जी हातात डफ घेऊन नाचली आणि तिच्यामागे सगळ्या बाया नाचल्या. तिची गोष्ट पाण्यापासून सुरू होते आणि पाण्याकाठीच रंगते.

अर्थाचं म्हणाल तर अभ्यासकांचं एकमत नाही आणि कधी होईल असंही वाटत नाही. कोणी म्हणतं हिब्रू मार म्हणजे कडू, याम म्हणजे समुद्र, तर कडू समुद्र. कोणी म्हणतं मेरी म्हणजे बंड. कोणी म्हणतं मिर्यामचं कुटुंब मिसरातलं, म्हणजे इजिप्तमधलं, तर नावही मिसरी असणार, आणि जुन्या मिसरी भाषेत मर म्हणजे प्रेम, म्हणून लाडकी. चौथ्या शतकाच्या शेवटी बेथलेहेमला बसून बायबल लॅटिनमध्ये आणणारा संत जेरोम, त्याने याच मार शब्दाचा थेंब असा अर्थ घेतला (हिब्रूत तोही अर्थ आहे, यशयाच्या पुस्तकात पोहऱ्यातला थेंब येतो तिथे हाच शब्द), म्हणून त्याने लिहिलं स्टिला मारिस, समुद्राचा थेंब. मग नकला करता करता कुठेतरी स्टिलाचं स्टेला झालं असं मानतात, आणि स्टेला म्हणजे तारा. एका अक्षराने थेंबाचा तारा झाला आणि सगळ्या ख्रिस्ती जगातल्या दर्यावर्दी लोकांनी तो तारा आपला म्हणून धरला. वांद्र्याच्या मोतमावलीला, म्हणजे माउंट मेरीला, आपले कोळी नवस फेडायला जातात, आणि तिथली मूर्ती कोळ्यांना समुद्रात सापडली असं पिढ्यानपिढ्या सांगतात. त्यांना जेरोम कोण ते ठाऊक असण्याची गरज नाही. समुद्रावर जाणाऱ्या माणसाला वर बघायला काहीतरी लागतं.

इथे माझा सहावीतला मुलगा मध्ये पडला. त्याला शाळेत समुद्राचा धडा होता. म्हणाला, आई, मारियाना ट्रेंच म्हणजे पणजीचंच नाव का गं? मी आधी हो-हो करून सोडून दिलं आणि मग बघितलं तर खरंच! पॅसिफिकमधली ती बेटं १५२१ मध्ये मॅगेलनच्या लोकांनी चोरांची बेटं म्हणून नोंदवली होती, मग १६६८ मध्ये स्पेनच्या जेझुइट मिशनऱ्यांनी त्यांना आपल्या राणीचं नाव दिलं. राणी ऑस्ट्रियाची मारियाना, जन्मनाव मारिया आन्ना. त्या बेटांवरून शेजारच्या खंदकाला नाव पडलं. पृथ्वीवरचा सगळ्यात खोल समुद्र, जवळजवळ ११ किलोमीटर खोल, तो माझ्या आजीच्या नावाचा आहे. पोराने दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

या जोडनावाचा इतिहास सरळ नाही हेही सांगितलं पाहिजे. मारियाना हे रूप मारियस या रोमन घराण्याच्या नावावरूनही येतं, त्यात बायबलचा संबंध नाही. फ्रेंच मारियान काही ठिकाणी मारीचं लाडाचं रूप म्हणून आलं आणि नंतर लोकांनी त्यात मारी आणि आन अशी दोन नावं बघितली. हेरोद राजाची बायको मारियामने, जिला त्याने मारून टाकलं, तिचं नाव ऐकायला जवळचं वाटतं, पण ते नुसतं मिर्यामचंच ग्रीक रूप आहे. म्हणजे तीन-चार ओढे येऊन मिळालेले आहेत. पण मारी-आन असं सरळ जोडून ठेवलेलं नाव अठराव्या शतकात फ्रान्सच्या गावागावांत इतकं होतं की १७९२ च्या सुमाराला राजा गेला आणि नव्या प्रजासत्ताकाला बाईचा चेहरा हवा होता तेव्हा तिचं नाव मारियान पडलं, शेतात राबणारीचं, कामवालीचं नाव. आज तिचा पुतळा फ्रान्सच्या गावोगावच्या नगरपालिकेत असतो, टपाल तिकिटावर असतो. आणि त्याच काळात राजवाड्यांतही हेच नाव! ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला १६ मुलं, त्यात ११ मुली, आणि अकराही मुलींचं पहिलं नाव मारिया. एकीचं मारिया आन्ना. सगळ्यात धाकटी मारिया अंतोनिया, फ्रान्समध्ये जाऊन मारी आंत्वानेत झाली.

मला सगळ्यात आवडलं ते मोझार्टच्या घरातलं. त्याच्या आईचं नाव आन्ना मारिया. १७५१ साली तिला मुलगी झाली, मोझार्टची थोरली बहीण, तिचं नाव मारिया आन्ना. आईचीच दोन नावं उलटी करून मुलीला दिली. तीही लहानपणी भावाबरोबर युरोपभर वाजवत फिरली होती. मी तिथे थांबले, कारण तोपर्यंत मी मेरीच्याच मागे लागले होते आणि ॲनकडे बघितलंच नव्हतं.

ॲन म्हणजे हन्ना. हिब्रूत हेन म्हणजे कृपा, मर्जी, कोणाच्या तरी डोळ्यांत आपल्यासाठी आलेली माया. इंग्रजीत हॅना वेगळी आणि ॲना वेगळी, मराठी बायबलमध्ये मात्र दोघी हन्नाच, जुन्या करारातलीही आणि नव्या करारात लूकने सांगितलेली मंदिरातली म्हातारी संदेष्ट्रीही. मला हे आपल्या भाषांतराचं मोठं पुण्य वाटतं, कारण आपल्याला नाव तुटलेलं दिसतच नाही.

जुन्या करारातल्या हन्नाची गोष्ट मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकली होती आणि ती सांगताना आजीचा आवाज दरवेळी बदलायचा. एलकानाच्या दोन बायका, पनिन्नाला मुलं, हन्नाला नाही. दरवर्षी शिलोला यज्ञाला जायचे आणि दरवर्षी तिथे पनिन्ना तिला टोचून बोलायची, हन्ना जेवायची नाही, रडायची. नवरा प्रेमाने विचारायचा, मी तुला दहा मुलग्यांपेक्षा जास्त नाही का? बिचाऱ्याला कळायचं नाही. मग एकदा ती उठून मंदिरात गेली आणि मनातल्या मनात प्रार्थना करायला लागली, ओठ हलतायत पण आवाज नाही. एली याजक दारात बसला होता, त्याला वाटलं बाई प्यायलेली आहे, त्याने तिला झापलं. इथे आजी थांबायची. म्हणायची, बघ, बाईचं दुःख बघून याजकालासुद्धा दारूच आठवली. हन्ना त्याला शांतपणे म्हणाली, महाराज, मी दुःखी बाई आहे, प्यायलेली नाही, मी परमेश्वरापुढे आपलं मन ओतते आहे. मग शमुवेल झाला, बोलल्याप्रमाणे तिने तो देवाला देऊन टाकला, आणि दरवर्षी त्याच्यासाठी एक छोटा झगा शिवून न्यायची. दरवर्षी मापाने थोडा मोठा, हे बायबलमध्ये लिहिलेलं नाही, आजी आपल्या मनाने जोडायची. आजीचीही दोन मुलं लहानपणी गेली होती. ती आम्हा नातवंडांची झबली शिवायची तेव्हा मला हन्नाच दिसायची.

हाच शमुवेल पुढे आपल्या कोकणात येऊन सामाजी झाला हे किती जणांना माहीत आहे? अलिबागच्या बाजूला पिढ्यानपिढ्या राहिलेले, तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हटले गेलेले बेने इस्राएल, घरात मराठी बोलणारे ज्यू. त्यांनी बायबलमधली नावं अशी मराठी करून घेतली की ओळखू येऊ नयेत, बिन्यामिनचा बेनाजी, अब्राहमचा अबाजी, शमुवेलचा सामाजी. १७९६ मध्ये मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, ज्यांनी बांधलं ते सामाजी हसाजी दिवेकर. हन्नाच्या पोराला जी लावून दिवेकर आडनाव दिलं मराठीने! आपली भाषा परक्या नावाला दारात उभं ठेवत नाही, आत घेते, जेवायला बसवते.

आता मुख्य गोष्ट. येशूची आई मरीया, तिच्या आईचं नाव ॲन, आमच्याकडे संत ॲना, तिचा सण २६ जुलैला. पण बायबलमध्ये मरीयेच्या आईचं नाव कुठेच नाही. ते येतं दुसऱ्या शतकात लिहिलेल्या, बायबलमध्ये न घेतलेल्या एका ग्रंथात, याकोबाच्या नावावर असलेल्या. त्यात योआकीम आणि आन्ना म्हातारपणापर्यंत निपुत्रिक आहेत. लोक टोमणे मारतात म्हणून योआकीम रानात निघून जातो, चाळीस दिवस उपास करतो. इकडे आन्ना बागेत एका झाडाखाली बसते आणि वर बघते तर चिमण्यांचं घरटं. ते बघून तिला रडू फुटतं, म्हणते मी कोणासारखी आहे, पाखरांनाही पिल्लं होतात, रानातल्या जनावरांना होतात, ही जमीनसुद्धा वेळेवर पिकते, मग मी कोणासारखी? तेवढ्यात देवदूत येतो. मुलगी होते, तिचं नाव मरीया, आणि तीन वर्षांची झाल्यावर आईबाप तिला मंदिरात नेऊन ठेवतात. वाचताना स्पष्ट दिसतं की ज्याने हे लिहिलं त्याच्यापुढे जुनी हन्ना उभी होती, तेच नाव, तोच टोमणा, तेच लेकरू देवाला देऊन टाकणं.

आणि हे जोडणं त्याच्याही आधी लूकने केलंय. हन्ना शमुवेलला देऊन टाकते तेव्हा गाणं गाते, बलवानांची धनुष्यं मोडली, भुकेल्यांची भूक गेली, वांझेला सात लेकरं झाली. हजारेक वर्षांनंतरची मरीया अलिशिबेच्या घरी जाऊन गाते, सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढलं, भुकेल्यांना चांगल्या गोष्टींनी भरलं. एकच चाल, दोन गळे. एक बाई खूप वाट बघून आई झालेली, दुसरी वाट न बघता झालेली.

गोव्यात तळावलीला संत आनाचं मोठं जुनं चर्च आहे, तिथे जुलैच्या शेवटच्या रविवारी तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त असतं. मूल हवं असलेली जोडपी तवशी घेऊन येतात, ती संत आनाला वाहतात आणि मागणं मागतात. पावसात भिजलेली हिरवी तवशी टोपल्याटोपल्यांनी रचलेली असतात. मी एकदा गेले होते. माझ्यापुढे एक मुलगी तवसं दोन्ही हातांत धरून उभी होती, ओठ हलत होते, आवाज नव्हता.

म्हणजे मेरीॲन या नावात दोन संत शेजारी शेजारी नाहीत नुसत्या, आई आणि लेक आहेत. लेकीचं नाव पुढे, त्याला लागून आईचं. आपल्याकडे बाईच्या नावाला आधी बापाचं नाव लागतं, मग नवऱ्याचं, आईचं नाव कुठे जातं विचारूच नका. आजीच्या चार कागदांवर चार नावं होती, तिच्या आईचं एकावरही नव्हतं. पण तिच्या स्वतःच्या नावात एक आई होती.

आणि कडू आणि कृपा या जोडीने मी सुरुवातीला गोंधळले होते ना, तीच जोडी आम्ही रोज संध्याकाळी रोजरीत म्हणतो हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नमो मारिया म्हणतो आणि लगेच तिला कृपापूर्ण म्हणतो. लूकमध्ये देवदूत तिला जे म्हणतो त्यात ग्रीक खारिस आहे, आणि जुना करार ग्रीकमध्ये आणणाऱ्यांनी हिब्रू हेनसाठी बहुतेक वेळा हाच खारिस वापरला. हेन म्हणजे हन्नाच्या नावातलं. आजी माळ ओढत पन्नास वेळा स्वतःचंच नाव घेत होती, मारिया, कृपा, मारिया, कृपा.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, अडीचेक वर्षांची लेक बरोबर होती. रमाबाई मेरी रमा झाल्या आणि लेक मनोरमा मेरी. पुढे केडगावला बसून त्याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत करत होत्या. त्यात रूथचं पुस्तक येतंच. त्यात नामी, नवरा आणि दोन्ही मुलगे गमावून गावी परत आलेली, बायकांना म्हणते मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनाला रमवणारी, म्हणजे मनोरमा. मारा म्हणजे कडू, मेरीच्या नावात ज्याचा आवाज लोकांनी ऐकला तोच शब्द. नामीला वाटलं दोन्हीपैकी एकच नाव राहू शकतं. रमाबाईंच्या लेकीच्या नावात दोन्ही राहिली. मनोरमाबाई १९२१ मध्ये आईच्या आधी गेल्या, रमाबाई १९२२ मध्ये, आणि ते बायबल छापून आलं १९२४ मध्ये. त्या ओळीचं भाषांतर करताना रमाबाईंनी लेकीकडे बघितलं असेल का, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मी वहिनीला हे सगळं फोनवर सांगितलं, तास गेला. ती मध्ये एकदाच बोलली, "म्हणजे यात आईचं नाव आहे?" मी म्हटलं हो. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली की जन्मनोंदीचं बघताना दादाने तिला दाखवलं होतं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तिने ते वाचलं होतं पण तेव्हा काही वाटलं नव्हतं.

साताऱ्याला बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, खाली घुगऱ्यांचं पातेलं, बायकांनी गोविंद घ्या गोपाळ घ्या केलं आणि मग मला पुढे ढकललं. वहिनीच्या आईने विचारलंच, अर्थ काय हो आत्याबाई? मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाली, "आई, त्यात आई आणि मुलगी दोघी आहेत." तिच्या आईने वहिनीकडे बघितलं, मग पाळण्याकडे. मी वाकले, पाठीवर बायकांच्या थापा पडत होत्या, बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. कुर्रर्र केलं आणि आजीचं नाव सांगितलं.